वृद्धांच्या शस्त्रक्रियेतील ऑक्सिजन व्यवस्थापन

वृद्धांच्या शस्त्रक्रियेतील ऑक्सिजन व्यवस्थापन म्हणजे भूल देण्यापूर्वी, शस्त्रक्रिया चालू असताना आणि त्यानंतर रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी योग्य मर्यादेत राखणे होय. ऑक्सिजन कमी पडल्यास मेंदू व हृदयास इजा होऊ शकते, तर त्याचे प्रमाण फार वाढल्यास फुप्फुसांचा काही भाग मिटू शकतो.

वयाचा परिणाम

वयोमानानुसार फुप्फुसांची लवचीकता घटते, छातीचा पिंजरा ताठर होतो आणि खोकल्याचा जोर कमी होतो. श्वास सोडताना लहान श्वासनलिका लवकर मिटतात. उताणे झोपल्यावर व भूल दिल्यावर हा परिणाम वाढतो.

ऑक्सिजनचे प्रमाण

हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन व ७८ टक्के नायट्रोजन असतो. पूर्ण भूल देण्यापूर्वी रुग्णास काही मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देतात. श्वासनलिकेत नळी बसेपर्यंत हा साठा उपयोगी पडतो. नायट्रोजन रक्तात फारसा शोषला जात नसल्याने वायुकोश फुगलेले राहतात. शुद्ध ऑक्सिजन मात्र लवकर शोषला जातो व वायुकोश मिटू शकतात. जखमेतील जंतुसंसर्ग टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये नळी घातलेल्या प्रौढ रुग्णांना ८० टक्के ऑक्सिजन देण्याची शिफारस केली होती. २०१८ मध्ये ती सशर्त करण्यात आली.

मापन

पल्स ऑक्सिमीटरमागील तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. निरोगी व्यक्तीत त्यावरील आकडा बहुधा ९५ ते १०० टक्के असतो. मात्र १०० टक्के आकड्यावरून ऑक्सिजन किती अतिरिक्त आहे हे कळत नाही. गडद त्वचेत हा आकडा प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकतो.

नांदेड व लातूर

नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये, तर लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था २००२ मध्ये सुरू झाली. या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात लाकूड, तुराट्या, पऱ्हाट्या व गोवऱ्या हे चुलीचे परंपरागत इंधन आहे. त्याच्या धुरात अनेक वर्षे स्वयंपाक केलेल्या स्त्रियांना, त्यांनी कधीही विडी ओढली नसली तरी, सीओपीडी हा दीर्घकालीन फुप्फुसविकार होऊ शकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत तंबाखूबरोबरच चुलीच्या धुराचीही विचारणा आवश्यक ठरते.

खबरदारी

शक्य असल्यास शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी धूम्रपान बंद करण्याचा सल्ला देतात. काही शस्त्रक्रियांत पूर्ण भुलीऐवजी मणक्यातून भूल देता येते. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशमन, दीर्घ श्वसनाचे व्यायाम, डोक्याकडील बाजू उंच ठेवणे व रुग्णास लवकर चालवणे यांवर भर असतो. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांत स्वतः श्वास घेत असताना ८८ ते ९२ टक्के पातळी पुरेशी मानली जाते. अशा रुग्णांना अधिक ऑक्सिजन दिल्यास गुंगी येऊन श्वसन मंदावू शकते.