‘ओ’ या अक्षराचा अर्थ आणि मुंबईचा रक्तगट

1901 साली व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर याने मानवी रक्ताचे जे तीन वर्ग पाडले, त्यांतील तिसऱ्यास त्याने ‘सी’ म्हटले होते. 1910 च्या सुमारास डुंगर्न व हिर्शफेल्ड यांनी तेथे ‘ओ’ हे चिन्ह आणले. त्याचा उगम कोणी शून्यात शोधतात, कोणी ‘वाचून’ या अर्थाच्या ‘ओहने’ या जर्मन शब्दात. आशय मात्र एकच, अभावाचा. जिच्यावर ए नाही आणि बीही नाही, अशा पेशीला विरोध करणारे प्रतिपिंड कोणाच्या रक्तात असणार? ओ गटाचा मनुष्य सर्वांचा दाता, या समजुतीस नावानेच बळ दिले. ऱ्हीसस घटकाच्या शोधाने ती डळमळली खरी; तथापि ‘ओ’च्या अर्थास धक्का लागला नाही.

तो मुंबईत लागला. 1952 साली ‘लॅन्सेट’मध्ये भेंडे, देशपांडे व भाटिया यांनी लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह तीन व्यक्तींच्या रक्ताचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नेहमीच्या कसोटीने हे रक्त ओ गटाचेच ठरावे; परंतु त्यातील रक्तजल ओ पेशींचेही पुंजके करी. ए व बी यांविरुद्धचे प्रतिपिंड अपेक्षितच होते; हा तिसरा प्रतिपिंड अनपेक्षित होता. त्याचे लक्ष्य होते ‘एच’ हे द्रव्य. ए आणि बी ही एचवरच एकेक शर्करा जोडून घडतात. ओ पेशींवर ते अविकृत राहते. म्हणजे शून्य मानलेला ओ हा वस्तुतः पाया होता, आणि खरा अभाव या तिघांच्या ठिकाणी होता.

1955 साली लेव्हिन व त्याचे सहकारी यांनी इटालियन वंशाच्या एका कुटुंबात असेच रक्त दाखविले. तेथे ओ भासणाऱ्या आईकडून मुलीस बी मिळाला होता. पायाच नसल्याने आईमध्ये तो प्रकट होऊ शकला नव्हता.

हा केवळ संज्ञेचा वाद नव्हे. एचविरोधी प्रतिपिंड शरीराच्या उष्णतेतही कार्य करतो आणि दिलेल्या ओ पेशी फोडतो. अशा रुग्णास त्याच गटाचे रक्त लागते. केवळ पेशी तपासून ‘ओ’ लिहिले तर चूक उघड होत नाही. ती रुग्णाचे रक्तजल ओ पेशींशी पडताळल्यावरच कळते. या गटासाठी रूढ झालेले चिन्ह मात्र ‘ओ’लाच धाकटे ‘एच’ जोडून बनलेले आहे. ज्यांच्या अंगी एच नाही, त्यांच्याच नावात ते बसले आहे.