भाताचे पचन

भातातील पिष्टाचे ग्लुकोजमध्ये विघटन होऊन ते रक्तात शोषले जाण्याची क्रिया. गोंदिया जिल्हा धानाचा. येथील जेवणात भात मुख्य, म्हणून पिष्टाच्या पचनासाठी भाताचे उदाहरण.

पचन तोंडातच सुरू होते. लाळेतील अमायलेज हे विकर पिष्ट तोडू लागते, म्हणून भात सावकाश चावल्यास गोडसर लागतो. जठरातील आम्लामुळे हे काम थांबते. खरे पचन लहान आतड्यात होते. तेथे स्वादुपिंडाचे अमायलेज पिष्टाचे लहान तुकडे करते आणि आतड्याच्या अस्तरावरील विकरे त्यांचे ग्लुकोज बनवतात. ग्लुकोज सोडियमच्या जोडीने पेशींत शिरते; जलसंजीवनीत साखरेसोबत मीठ असते ते याचसाठी. पेजेत मीठ घालण्याची जुनी रीतही त्यामुळे शास्त्राला धरूनच आहे. पुढे ग्लुकोज रक्तावाटे प्रथम यकृतात पोहोचते.

उष्णा (उकडा) तांदूळ करताना धान भिजवून वाफवतात. त्यामुळे कोंड्यातील थायमीन हे जीवनसत्त्व दाण्यात उतरते व पॉलिशनंतरही बरेचसे टिकते. शिजून थंड झालेल्या भातातील काही पिष्ट न पचता मोठ्या आतड्यात जाते. तेथील जीवाणू ते आंबवतात.

भातात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, ती उणीव डाळ भरून काढते. मात्र धानाच्या बांधीत घेतल्या जाणाऱ्या लाखोळीच्या डाळीत चेतातंतूंना अपायकारक द्रव्य असते. ती गरम पाण्यात भिजवून पाणी फेकल्यास त्याचे प्रमाण घटते.