उसनी देता येणारी कंडरा

अंगठा आणि करंगळी यांची टोके जुळवून मनगट किंचित आत वाकवले, की बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध एक बारीक कंडरा त्वचेखाली ताणून उठते. ती पामॅरिस लाँगस या स्नायूची. काहींच्या हातात ती नसतेच. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके हे प्रमाण सुमारे १५ टक्के देतात. पूर्व आशियात ते बरेच कमी भरते. ती नसल्याने पकड फारशी दुबळी होत नाही, त्यामुळे तिच्या असण्यानसण्याचा शस्त्रक्रियेशी संबंध जुळायला विसावे शतक उजाडावे लागले.

शरीररचनेतले असे भेद मात्र जुन्या शवविच्छेदकांच्या नजरेतून सुटलेले नव्हते. प्राचीन वैद्य गॅलेनचे ज्ञान मुख्यतः माकडे आणि इतर प्राण्यांच्या विच्छेदनावर उभे होते. सोळाव्या शतकात पादुआमध्ये माणसाचे शव प्रत्यक्ष उघडून पाहणे रुळले आणि ग्रंथातला स्नायू टेबलावर सापडेलच असे नाही, हे ध्यानात येऊ लागले. शरीररचनाशास्त्रज्ञ वेसालियसनंतर तिथे शिकवणाऱ्या रिआल्दो कोलंबोच्या १५५९ सालच्या ग्रंथात पामॅरिस लाँगस नसल्याची नोंद आहे.

या भेदांची खरी मोजदाद झाली ती १८६०च्या दशकात, लंडनच्या किंग्ज कॉलेजात. जॉन वुड या शल्यविशारदाने विच्छेदनगृहात येणाऱ्या शवांतला प्रत्येक वेगळेपणा टिपून ठेवला. ३६ शवांच्या एका गटात त्याला ५५८ भेद आढळले, तेही दोन्ही बाजूंना असलेला भेद एकच धरून. त्या ३६ जणांत पुस्तकातल्या वर्णनाबरहुकूम असा एकही नव्हता, आणि एकट्या एका शवात २५ भेद निघाले. चार्ल्स डार्विनने १८७१च्या 'द डिसेंट ऑफ मॅन'मध्ये हे आकडे वापरले; त्याला त्यांत पूर्वजांच्या खुणा दिसत होत्या. पुढे मॅकॅलिस्टर, तेस्त्यू, ल दूब्ल या शरीररचनाशास्त्रज्ञांनी जाडजूड सूची रचल्या. एवढ्या खटाटोपाचा उपयोग तोवर उत्क्रांतीच्या वादापुरताच होता, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

चित्र पालटले ते कंडरारोपणामुळे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लिओ मेयर आणि स्टर्लिंग बनेल या शल्यविशारदांनी कंडरा जोडण्याची आणि बसवण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. आता शरीराला नसली तरी चालेल अशी कंडरा हवी होती, आणि पामॅरिस लाँगस आयतीच हाताशी होती. कुष्ठरोगाने बोटे पंजासारखी आखडलेल्या रुग्णांसाठी वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी मनगटाच्या एका स्नायूला पोटरीतल्या प्लँटॅरिसच्या कंडरेची चार शेपटे जोडली. मुंबईचे नोशिर अंतिया यांनी पामॅरिस लाँगसलाच बोटांच्या कामाला लावले. १९७४ साली लॉस एंजलिसमध्ये फ्रँक जोब यांनी बेसबॉलपटू टॉमी जॉनच्या उजव्या हातातली ही कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. तो १९८९पर्यंत खेळत राहिला.

पण उसने घेताना चूकही होते. मनगटापाशी या कंडरेच्या अगदी लगत खाली मीडियन नर्व्ह असते. कंडरा नसलेल्या हातात ती समजून ही नसच कापल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. त्यातून अंगठ्याकडच्या बोटांची संवेदना आणि अंगठ्याची काही हालचाल जाते. काहींत पामॅरिस लाँगसचा मांसल भाग कोपराऐवजी मनगटाकडे असतो आणि त्याच नसेवर दाब आणतो. असे भेद इतर शस्त्रक्रियांतही आड येतात: अंगठ्याकडच्या बाजूला मनगट दुखणाऱ्या द कर्व्हेन आजारात अंगठ्याच्या एका कंडरेला वेगळा कप्पा असेल आणि तो उघडायचा राहिला, तर शस्त्रक्रियेनंतरही मनगट दुखतच राहते.

म्हणून कंडरा घेण्यापूर्वी दोन्ही मनगटांवर अंगठा-करंगळी जुळवण्याची वरची चाचणी करतात. कंडरा नसेल तर प्लँटॅरिसचा विचार होतो. पण तीही काहींत नसते आणि बाहेरून हाताला लागत नाही, म्हणून सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा लागतो. दोन्ही नसतील तर पायाच्या बोटांची कंडरा घेतात.