फ्लूच्या वाटेने आलेली साखरेची गोळी

मागच्या वेळी आपण इन्सुलिनपाशी थांबलो होतो. आज मेटफॉर्मिन घेऊ. घरोघरी सकाळ-संध्याकाळ घेतली जाणारी ही गोळी सुरुवातीला रुग्णांना दिली गेली ती फ्लूसाठी, असं आम्ही सांगतो तेव्हा बरेच जण चमकतात.

हे रसायन १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी तयार केलं. पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष नव्या इन्सुलिनकडे, मग हे पडून राहिलं. महायुद्धाच्या काळात मलेरियावर औषध शोधताना याच कुळातली रसायनं पुन्हा टेबलावर आली. १९४९च्या सुमारास फिलिपिन्समध्ये युसेबियो गार्सिया यांनी मेटफॉर्मिन 'फ्लुमामिन' या नावाने इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांना दिलं, आणि त्यांची साखरही उतरते हे नोंदवून ठेवलं. त्या एका नोंदीवर पॅरिसच्या झाँ स्टर्न यांची नजर गेली. १९५७ साली गोळी आली, ग्लुकोफाज, म्हणजे साखर खाणारी. फ्लू मागेच पडला!

कोविडमध्ये तो जुना प्रश्न परत आला. अमेरिकेतल्या 'कोविड-आउट' चाचणीत जादा वजनाच्या लोकांना मेटफॉर्मिन दिलं. त्यांतले बहुतेक मधुमेही नव्हते, हे विसरू नका. २०२२च्या मुख्य निकालात ठोस फायदा दिसला नाही. पुढे दहा महिन्यांत लाँग कोविड मात्र सुमारे ४१ टक्के कमी आढळला.

वॉर्डात तोवर वेगळंच चाललेलं. जून २०२०मध्ये ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' चाचणीने दाखवलं, की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरचे मृत्यू एक तृतीयांशाने घटतात. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा नाही, हेही त्यातच होतं. ते फार कमी जणांनी ऐकलं. स्टेरॉइडने साखर भडकते. आणि २०२१च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, त्यांत मधुमेही खूप होते. अँफोटेरिसिनसाठी नातेवाइकांची वणवण आपण पाहिली आहे.

मग आम्हाला विचारतात, ताप आला की गोळी बंद करायची का? साधी सर्दी असेल, जेवण-पाणी चालू असेल, तर स्वतःहून बंद करू नका. उलट्या, जुलाब, धाप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ऑक्सिजन कमी पडला किंवा मूत्रपिंड थकलं, की मेटफॉर्मिनमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचू शकतं. म्हणून दवाखान्यात ती थांबवून इन्सुलिन देतात. आधीपासून इन्सुलिनवर असणाऱ्यांनी मात्र 'जेवलोच नाही' म्हणून ते परस्पर सोडू नये. आणि फ्लूचा संशय असेल तर ऑसेल्टामिविरबद्दल पहिल्या ४८ तासांतच विचारा.