पशुपालक समाज आणि पितृसत्तेचा इतिहास : डोरोथी हॉजसन यांचे मासाई-संशोधन

आफ्रिकेतील पशुपालक समाज हा स्वभावतःच पुरुषप्रधान असतो, हे मत मानववंशशास्त्रात दीर्घकाळ गृहीत धरले गेले. हर्स्कोविट्स यांनी 1926 मध्ये पूर्व आफ्रिकेतील गोधनकेंद्रित संस्कृतीची मीमांसा केली. ईव्हान्स-प्रिचर्ड यांच्या 1940 मधील नुएर समाजावरील ग्रंथात गाईंचे दोहन स्त्रिया व मुले करतात, याची नोंद आहे. परंतु राज्यव्यवस्थेचे विवेचन मात्र पुरुषांच्या वंशशाखांवर उभे आहे. पॉल स्पेन्सर यांनी 1965 मध्ये सांबुरू समाजाचे वर्णन वृद्ध पुरुषांची सत्ता या सूत्राने केले. या गृहीताला इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्याचे श्रेय ज्या अभ्यासकांकडे जाते, त्यांत डोरोथी हॉजसन यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

टांझानियातील मासाई लोकांमध्ये हॉजसन यांनी दीर्घकाळ क्षेत्रकार्य केले. मौखिक स्मृती आणि वसाहतकालीन दप्तर यांची सांगड घालून त्यांनी 1890 ते 1940 या काळातील स्त्री-पुरुष संबंधांची पुनर्रचना केली. त्यांचा निष्कर्ष असा की, पूर्वी गुरांवर स्त्री व पुरुष यांचे हक्क परस्परांत गुंतलेले होते. विवाहानंतर पत्नीच्या घराकडे गुरे नेमून दिली जात व ती पुढे तिच्या पुत्रांकडे जात. घर बांधणे, दूध वाटणे आणि दूध व कातडी देऊन शेजारच्या शेतकरी समाजांकडून धान्य आणणे, ही स्त्रियांच्या अधिकाराची क्षेत्रे होती.

ब्रिटिश अंमलात हे चित्र पालटले. प्रशासनाने पुरुषालाच कुटुंबप्रमुख, करदाता व गुरांचा मालक मानले. गुरांचे मोल पैशांत होऊ लागले, आणि बाजाराची वाट पुरुषांच्या हाती गेली. स्वातंत्र्योत्तर विकासयोजनांनीही हीच चौकट पुढे चालविली. सारांश, ज्याला परंपरा म्हटले गेले, त्यातील बराच भाग अलीकडच्या इतिहासाने घडविलेला होता. 2000 मध्ये त्यांनी संपादिलेल्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच पितृसत्ताक पशुपालक ही एक मिथ्यकथा असल्याचे सूचित केले आहे.

2005 मधील ग्रंथात त्यांनी एका विसंगतीचा शोध घेतला. कॅथॉलिक धर्मोपदेशकांनी मासाई पुरुषांच्या धर्मांतरावर भर दिला. प्रत्यक्षात चर्चमध्ये बहुसंख्येने आल्या त्या स्त्रिया. मासाईंच्या एंगाई या देवतेचे नाव व्याकरणदृष्ट्या स्त्रीलिंगी आहे, आणि स्त्रियांची धार्मिक प्रतिष्ठा पूर्वीपासूनच मोठी होती. राजकीय व आर्थिक अधिकार आक्रसत असताना हे क्षेत्र त्यांनी राखले व विस्तारले.

येथे एक आक्षेप विचारात घेणे अगत्याचे आहे. वयोगटांची व्यवस्था व वृद्धांचा अधिकार वसाहतपूर्व काळातही होता. शिवाय स्मृती भूतकाळाला उजळ रंग देते. तथापि या आक्षेपाने मूळ सिद्धान्त ढासळत नाही. पूर्वी समता नांदत होती, असा त्याचा दावा नाही. अधिकार वाटलेले होते व ते पुढे एका बाजूला सरकले, एवढेच त्याचे प्रतिपादन आहे.

संशोधकाला यातून मिळणारा बोध पद्धतीविषयक आहे. दप्तरात पुरुषाच्या नावे नोंदलेले गोधन हा समाजस्थितीचा पुरावा मानण्यापूर्वी, ती नोंद कोणी, कोणत्या हेतूने व कोणाला विचारून केली, हे तपासले पाहिजे. कारण नोंद कधीकधी वस्तुस्थिती सांगत नाही, ती घडविते.