हजेरीपटातली वजाबाकी

सातारा-सांगलीकडच्या शिक्षकांना हजेरी घेताना 'नकुशा' हे नाव कधी ना कधी भेटलेले असते. लागोपाठ मुली झाल्या की पुढच्या मुलीला 'नकोशी' म्हणायचे, म्हणजे नंतर मुलगा होतो, अशी ही समजूत. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. कडेगाव आज सांगली जिल्ह्यात असले तरी १९४९ पर्यंत ते सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. जिल्हे वेगळे झाले, सोयरिकी आणि समजुती मात्र सारख्याच राहिल्या. म्हणून हा हिशोब दोन्ही जिल्ह्यांचा मिळून मांडायला हवा.

नकुशा निदान जन्माला येत होती, तिचे नाव पटावर लागत होते. नंतर आलेल्या तंत्राने नकोशी मुलगी पटापर्यंत पोचेनाशी झाली. ही गोष्ट कशी घडली आणि कायदा तिच्यामागे कसा धावत राहिला, ते आपण पाहू.

१९४९ मध्ये मरे बार आणि बर्ट्राम यांना मादीच्या पेशीकेंद्रात एक गडद ठिपका दिसला. तो नराच्या पेशीत नसतो. १९५६ मध्ये डेन्मार्कमधील फुक्स आणि रीस यांनी गर्भजलातील पेशींमध्ये हा ठिपका शोधून गर्भाचे लिंग ओळखता येते, असे दाखवले. हेतू रोगनिदानाचा होता. हिमोफिलियासारखा आजार बहुधा मुलग्यांनाच होतो, त्यामुळे अशा घराण्यात ही माहिती उपयोगी होती. गर्भजल परीक्षा १९७० च्या दशकाच्या मध्यास भारतात आली, तीही जन्मजात दोष शोधण्यासाठी. परंतु अनेकांनी तिच्याकडून एकच उत्तर मागितले. १९७८ मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी ही चाचणी करण्यास बंदी घातली. ती खासगी दवाखान्यांना लागू नव्हती. साहजिकच धंदा तिकडे गेला.

१९८० च्या दशकात मुंबईतील स्त्री-संघटना, डॉक्टर आणि विज्ञान कार्यकर्ते या प्रश्नावर एकत्र आले. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा ४२ जण लिंगनिदानासाठी ही चाचणी करत असल्याचे दिसले. या रेट्यातून १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. मात्र राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीपुरताच चालतो, आणि सांगली जिल्ह्याला तर कर्नाटकाची सीमा लागूनच आहे. पुढे १९९४ मध्ये संसदेने देशासाठी कायदा केला. तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला.

तोवर यंत्र बदलले होते. गर्भजलासाठी पोटात सुई घालावी लागे आणि निकालासाठी थांबावे लागे. सोनोग्राफीला यातले काहीच नको. केंद्राच्या कायद्यात सोनोग्राफीचा समावेश होता, पण नोंदणी आणि तपासणी करणारी यंत्रणा ठिकठिकाणी झोपलेली होती. २००० मध्ये 'सेहत' व 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. 'कायदा आहे, तो राबवा' एवढीच त्यांची मागणी होती. न्यायालयाने २००१ मध्ये राज्यांना तसे आदेश दिले. २००३ मध्ये दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही बंदीखाली आली.

इथे एक गल्लत टाळायला हवी. गर्भपात १९७१ च्या कायद्याने ठराविक अटींवर कायदेशीर आहे. तो स्त्रीच्या आरोग्याचा प्रश्न आहे. गुन्हा आहे तो गर्भाचे लिंग शोधण्याचा आणि सांगण्याचा. म्हणून प्रत्येक सोनोग्राफी केंद्राला नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा अर्ज भरून ठेवावा लागतो. स्त्रीवर नातेवाइकांचा दबाव होता, असे कायदा गृहीत धरतो.

कायद्याचे फळ काय? सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. सांगली जिल्ह्यात २००१ मध्ये हा आकडा ८५१ होता. २०११ मध्ये तो ८६७ झाला, म्हणजे थोडा सुधारला. पण मार्च २०१७ मध्ये याच जिल्ह्यातल्या म्हैसाळ गावी एका गर्भवतीच्या मृत्यूचा तपास करताना ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. तपासाचे धागे सीमेपलीकडे कर्नाटकातही गेले. पहिल्या कायद्याला तेव्हा २९ वर्षे झाली होती.

हे आकडे मुलांना कसे सांगावेत? निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली. वर्गात ४० मुलगे असतील तर ३८ मुली हव्यात. ८५१ च्या हिशोबाने ३४ च येतात. चार मुली कमी, म्हणजे दोन बाके रिकामी.

मात्र एकाच शाळेच्या पटावरून निष्कर्ष काढू नये. लहान संख्येत चढउतार असतातच. शिवाय पुष्कळ घरांतून मुलगा इंग्रजी शाळेत जातो आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्यामुळे आपल्या पटावर मुली पुरेशा, कधी जास्तही दिसतील. कडेगाव तालुक्यातल्या सर्व शाळांचा पहिलीचा दहा वर्षांचा पट एकत्र केला, तर खरे चित्र जवळून दिसेल. हे काम मोठ्या वर्गातली मुले सहज करू शकतील.

मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हे आपण फळ्यावर दरवर्षी लिहितो. त्याच तासाला ही वजाबाकीही मांडायला हवी. कायदा यंत्राची नोंद ठेवू शकतो, पण मुलगी नकोशी का वाटते याचे उत्तर त्या नोंदवहीत नाही. ते शोधण्याची सुरुवात आपल्याच वर्गातून होऊ शकते.