डोंगा, होडी आणि चार आसनांचे विमान

सिरोंचाच्या मोठ्या पुराचे मूळ पुष्कळदा समुद्रात असते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, किनारा ओलांडून ते गोदावरीच्या खोऱ्यात शिरते आणि प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती एकदमच फुगतात. ऑगस्ट १९८६ मध्ये असेच झाले. सिरोंचाच्या खालच्या अंगाला भद्राचलम येथे १६ ऑगस्टला पाणी ७५.६ फुटांवर गेले. जुलै २०२२ मध्ये ते तेथेच ७१.३ फुटांपर्यंत चढले. अशा वेळी रस्ते बंद होतात आणि सरकारी मदत पोचेपर्यंतचे तास लोकांना स्वतःच काढावे लागतात. ते तास कोणाच्या वाहनावर निघतात, हा या लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत सापडते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी 'हेलेन' चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळले. सर्वाधिक हानी मात्र समुद्रापासून दूर, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ पश्चिम भागात पुराने केली. महामार्ग वाहून गेले. तेव्हा छोट्या विमानांचे आणि हेलिकॉप्टरांचे मालक पाणी, औषधे, लहान मुलांचे दूध घेऊन स्वखर्चाने निघाले. त्यांना एकत्र आणणारी 'ऑपरेशन एअरड्रॉप' ही संस्था २०१७ च्या 'हार्वे' वादळाच्या वेळी टेक्सासच्या वैमानिकांनी सुरू केली होती.

हे औदार्य खरेच. पण ते शक्य कशामुळे झाले, हेही पाहिले पाहिजे. त्या देशात सर्वांसाठी खुले असे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. कोणी हौसेने उडतो, कोणी शेताच्या किंवा धंद्याच्या कामाला. विमान रोजच्या वापरात होते, म्हणूनच ते संकटात कामी आले. अडचणही त्यातूनच उभी राहिली. आकाशात गर्दी झाली आणि ॲशव्हिलला उतरण्यापूर्वी परवानगी घेण्याची अट घालावी लागली.

आपल्याकडे मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ चा. तरीही स्वतःचे विमान बाळगणारा माणूस विरळाच. म्हणून आपल्या देशातले याच जातीचे उदाहरण पाण्यावर शोधावे लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ बुडाले, तेव्हा किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आपल्या होड्या लॉरीवर चढवून आतल्या गावांत नेल्या. सरकारी आकड्यांप्रमाणे ६६९ होड्या आणि साडेचार हजारांवर मच्छीमार या कामात होते. त्यांनी सुमारे ६५ हजार माणसे बाहेर काढली. नंतर राज्य सरकारने इंधनाचा खर्च, रोजचे मानधन आणि होड्यांची दुरुस्ती देण्याचे जाहीर केले. शाबासकीपेक्षा मला हा निर्णय महत्त्वाचा वाटतो. ज्याची होडी फुटते त्याचे पोट त्याच होडीवर असते.

आता पुन्हा सिरोंचाकडे. १८७४ पर्यंत हे गाव 'अप्पर गोदावरी' जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. गोदावरीतून मोठी जलवाहतूक चालवण्याचा इंग्रजांचा बेत त्याच सुमारास खडकांपुढे आणि खर्चापुढे थंडावला. लोकांची नाव मात्र चालू राहिली. कालेश्वरच्या यात्रेला, बाजाराला, सोयरिकीला माणसे नावेनेच पलीकडे जात. २०१६ च्या अखेरीस गोदावरीवरचा पूल खुला झाला आणि ती गरज संपली. पुलाने किती सोय झाली, हे इथे कोणाला सांगायला नको. पण त्याबरोबर नावाड्याची रोजची फेरीही गेली. पाण्याची चाल ओळखणारा हात सरावानेच तयार राहतो. पुराच्या दिवशी तो तहसीलच्या आदेशाने उभा करता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. नदीकाठच्या प्रत्येक गावात उरलेले डोंगे, नावा आणि त्या चालवणारी माणसे यांची यादी पावसाळ्याआधी व्हावी. त्यांना वर्षाकाठी ठरावीक मानधन मिळावे आणि नाव फुटली तर भरपाई. स्वेच्छेने धावणाऱ्यांवर पुराच्या दिवशी विसंबायचे असेल, तर उरलेल्या वर्षात त्यांचा धंदा जगवला पाहिजे.